रिळखात्यातला कठडा आणि इलाहीबक्ष पिंजारी

इलाहीबक्ष आमच्या शाळेत पहिल्यांदा आला तो गाद्या पिंजायला. एकोणीसशे सत्तावीसचा डिसेंबर होता. शाळेच्या बोर्डिंगातल्या गाद्यांमध्ये कापसाचे इतके गोळे झाले होते की मुलं त्यापेक्षा सतरंजीवर झोपणं पसंत करत. म्हणून हेडमास्तरांनी पिंजाऱ्याला बोलावणं धाडलं.

मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. माझ्या वर्गाची खिडकी अंगणाकडे उघडायची, त्यामुळे तीन दिवस पिंजणाच्या तातीचा, म्हणजे ताणलेल्या दोरीचा, आवाज ऐकत मी मुलांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेत होतो. तिसऱ्या दिवशी सायन्सचे रेवणसिद्ध मास्तर त्या खिडकीशी येऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत. हे अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलत, वर्गात इंग्रजी, आणि चिडले की शुद्ध मराठी. त्यांचा तास सुरू व्हायची घंटा झाली तरी ते बाहेरच पाहत होते.

पिंजारी काम करताना मध्येच थांबे, खाली वाकून उजव्या हाताचा पंजा जमिनीला टेके आणि मग पिंजलेला कापूस उचले. दर खेपेला तसंच. मला ती काही तरी नमस्काराची पद्धत वाटली होती. मास्तरांना तसं वाटलं नाही. ते सरळ अंगणात गेले आणि त्याला विचारू लागले. मीही मागोमाग गेलो, कारण माझ्या मुलांच्या फुलदाण्या तशाही कुणाला पाहवत नव्हत्या.

इलाहीबक्ष तेव्हा अडतीस-चाळीसचा असेल. उंच, किडकिडीत, दाढीत कापूस अडकलेला. तो म्हणाला की थंडीच्या दिवसांत कापूस खुळावतो. हाताला चिकटतो, दाढीला चिकटतो, नको तिथं उडतो. पावसाळ्यात असं काही करत नाही. जमिनीला हात लावला की थोडा वेळ गुमान राहतो. बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं.

"आणि मधे सुकं पोतं टाकून त्यावर उभं राहिलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"मग लईच खुळावतो," इलाहीबक्ष म्हणाला. "म्हणून तर मी पायाखाली काय घेत न्हाय. मातीवर अनवाणी बरं."

रेवणसिद्ध मास्तरांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना हरवलेला भाऊ सापडला. त्या दिवशीचा त्यांचा तास अंगणातच झाला. मॅट्रिकच्या मुलांना त्यांनी बाहेर बोलावलं आणि सांगितलं की पुस्तकातल्या पंधराव्या पानावर जे लिहिलं आहे ते हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या करतो आहे. घर्षणानं कापसावर आणि माणसाच्या अंगावर विद्युतभार साचतो, आणि जमिनीला हात लावला की तो जमिनीत निघून जातो.

प्रयोगशाळेचा जुना शिपाई दिवाळीत करमाळ्याकडे आपल्या गावी गेला होता तो परतलाच नव्हता. मास्तर हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा नवा शिपाई ठरलेला होता. ज्याला ठरवलं त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं. इलाहीबक्ष दोन दिवस विचार करतो म्हणाला. विचार केला तो त्याच्या बायकोनं. इमामबी एका गिरणीत रिळखात्यात कामाला होती. तिथं बायका सूत रिळांवर गुंडाळून त्याच्या लडी करत. नवऱ्याच्या छातीत कापसाची बारीक धूळ गेली होती आणि पहाटे त्याला खोकल्याची उबळ येई. तिनं एका वाक्यात निकाल दिला की काचेची भांडी पुसून कुणाला खोकला होत नाही.

अशा रीतीनं पिंजारी प्रयोगशाळेत आला.

पहिले सहा महिने तो भांडीच पुसत होता. पण पुसणाऱ्याचे कान उघडे असतात. मास्तर वर्गात काचेची कांडी रेशमावर घासत, काळी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कांडी मांजराच्या कातड्यावर घासत, आणि दोन्ही दोऱ्याला टांगून दाखवत. काचेजवळ काच आणली की ती दूर पळे. एबोनाइट जवळ आणलं की काच त्याच्याकडे ओढली जाई. मुलं हे इंग्रजीत पाठ करत. इलाहीबक्षनं ते मधल्या सुट्टीत मला त्याच्या भाषेत सांगितलं: भार दोन जातीचे, धन आणि ऋण. एका जातीचे दोघं म्हणजे एका घरातल्या दोन जावा, त्या चुलीपाशी शेजारी बसायच्या नाहीत. वेगळ्या जातीचे म्हणजे नवं लग्न झालेलं जोडपं.

मी हसलो तर म्हणाला, "हसू नका मास्तर. पोरांना पाठ व्हायला चार दिवस लागत्यात. मला एकदाच ऐकून ध्यानात राहिलं."

पुढे एकदा प्रयोगशाळेतल्या विद्युतदर्शकाची सोन्याची पानं फाटली. हे उपकरण म्हणजे एक काचेची बाटली. तिच्या बुचातून एक पितळी दांडी आत उतरते आणि दांडीच्या टोकाला अतिशय पातळ सोन्याची दोन पानं लोंबतात. भार असलेली वस्तू वरच्या गोळ्याजवळ आणली की दोन्ही पानांवर एकाच जातीचा भार जातो आणि ती एकमेकांपासून फाकतात. पानं मुंबईहून मागवायची तर दोन महिने गेले असते आणि परीक्षा तोंडावर होती. इलाहीबक्ष दुपारी गायब झाला आणि तासाभरात परत आला, हातात कागदात गुंडाळलेला चांदीचा वरख. बाजारात त्याच्या ओळखीचा एक वरखवाला होता, चामड्याच्या पानांत चांदी ठेवून दिवसभर हातोडीनं कुटणारा. मिठाईवर लावतात तोच वरख. त्याच्या दोन पट्ट्या कापून अंड्याच्या पांढऱ्यानं दांडीला चिकटवल्या. मास्तरांनी श्वास रोखून कांडी जवळ आणली. पानं फाकली. सोन्यापेक्षा जरा आळशीपणानं, पण फाकली.

तेव्हापासून इलाहीबक्षला या बाटलीचा नादच लागला. घरी लोणच्याच्या काचेच्या बरणीची त्यानं स्वतःची एक बाटली बनवली. बुचाला मेण, मधून पितळेची तार, तारेच्या टोकाला वरख. इमामबीनं विचारलं की माझी बरणी कुठं गेली, तर त्यानं ती तिला दाखवली आणि केसांवरून फणी फिरवून पानं फाकवून दाखवली. तिचं म्हणणं पडलं की लोणचं ठेवलं असतं तर वर्षभर पुरलं असतं.

घरातला रवाही असाच गेला. भारित वस्तूच्या भोवतालच्या जागेतही काही तरी असतं, तिला क्षेत्र म्हणतात, असं मास्तर शिकवत होते आणि मुलांच्या डोक्यात ते शिरत नव्हतं. दिसत नाही ते कसं मानायचं? मास्तरांनी पुस्तकात कुठंसं वाचलं होतं की तेलात बारीक कण टाकले तर क्षेत्र दिसतं. इलाहीबक्षनं घरून मूठभर रवा आणला, दवाखान्यातून एरंडेल आणलं. काचेच्या बशीत एरंडेल, त्यावर रवा भुरभुरलेला, दोन बाजूंना पितळेचे दोन तुकडे, आणि ते तारांनी विद्युतयंत्राला जोडलेले. त्या यंत्रात काचेच्या दोन थाळ्या उलटसुलट फिरतात आणि हातानं चाक फिरवलं की भार साचत जातो. इलाहीबक्ष चाक फिरवू लागला आणि तेलातला रवा हलू लागला. एकेक कण वळला, रांगेत लागला, आणि एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत रव्याच्या वाकड्या ओळी उमटल्या.

"केस विंचरल्यावाणी झालं की," इलाहीबक्ष म्हणाला. आणि मग जरा वेळानं, "मास्तर, हे मला ठाव हाय. कापसाचा तंतू हात लागायच्या आधीच हाताकडं वाकतो. मला वाटायचं तो बघतो."

त्या बशीचं चित्र मी रंगीत खडूनं मोठ्या कागदावर काढलं आणि ते वर्गात लागलं. माझ्या फुलदाण्यांकडे कुणी फिरकून पाहत नसे, पण हे चित्र बघायला इतिहासाचे मास्तरसुद्धा आले.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग तेहतिसाच्या फेब्रुवारीत गिरणीतली ती गोष्ट घडली.

त्या वर्षी थंडी लांबली होती आणि हवा इतकी सुकी की ओठ फुटत होते. इमामबीच्या रिळखात्यात एक नवा साचा, म्हणजे सूत गुंडाळायचं यंत्र, बसला होता. गिरणीत इंजिनावर एक लांब लोखंडी दांडा फिरतो आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन एकेक साचा फिरवतात. नव्या साच्याचा पट्टा बायकांच्या वाटेजवळून जात होता, म्हणून कुणाची लुगडी अडकू नयेत यासाठी तिथं लोखंडी कठडा बसवला होता. कठड्याचे खांब लाकडी होते आणि तेलपाणी दिलेल्या सुक्या लाकडी फळ्यांवर उभे. या कठड्याला हात लागला की बायकांना चटका बसू लागला. कधी बारीक टाचणी टोचल्यासारखा, कधी कोपरापर्यंत झिणझिणी.

मिस्त्री हरिबा, ज्याच्याकडे खात्यातले पट्टे सांभाळायचं काम होतं, त्यानं दोनदा येऊन कठड्याला हात लावून पाहिला. दोन्ही वेळा दुपारच्या सुट्टीत, साचा बंद असताना. त्याला काहीच लागलं नाही. त्यानं बायकांना सांगितलं की कामाचा कंटाळा आला असेल तर तसं बोला. मग एका सकाळी रत्नम्मा नावाच्या तेलुगू बाईला, जी इमामबीच्या शेजारच्या साच्यावर होती, जोराचा चटका बसला. ती दचकून मागे झाली, हात शेजारच्या चालत्या चाकावर गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं फाटली. नशिबानं हाड शाबूत राहिलं. पण रक्त सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या साच्यावर कुणी जायला तयार होईना. कुणी म्हणे साचा बसवताना नारळ फोडला नाही, कुणी म्हणे तिथं पूर्वी कबर होती. नायकिणीनं, म्हणजे खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या बाईनं, दोन नव्या मुलींना तिथं बसवायचा प्रयत्न केला. त्या रडायला लागल्या.

इमामबीनं हे सगळं घरी सांगितलं. घरात ती दोघं दखनी बोलत, पण मला इलाहीबक्षनं जे सांगितलं ते मराठीत. त्यानं तिला तीनच प्रश्न विचारले. पट्टा चामड्याचा का? चटका साचा चालू असतानाच बसतो का? आणि कठडा कशावर उभा आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर तो म्हणाला की हे भूतबित काही नाही, हा माझाच थंडीतला कापूस आहे, फक्त मोठा झालाय.

शनिवारी शाळा सकाळची असे. इलाहीबक्ष दुपारी गिरणीच्या फाटकावर गेला, कापडी पिशवीत ती लोणच्याची बरणी घेऊन. हरिबा त्याला भेटला. सरळ माणूस होता तो. रत्नम्माची बोटं त्याच्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. सुट्टी संपून इंजिन पुन्हा चालू होईल त्या घटकेला त्यानं इलाहीबक्षला आत घेतलं. परवानगी वगैरे काही काढली नाही.

साचा चालू झाला. पट्टा फिरू लागला. इलाहीबक्षनं बरणी दोन्ही हातांत धरली आणि दारापासून कठड्याकडे चालत निघाला, अगदी सावकाश. तिसेक बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. पंधरा पावलांवर वरखाची पानं सरळ लोंबत होती. दहा पावलांवर ती जराशी सुटली. सहा पावलांवर दोन्ही पानांत बोटभर अंतर पडलं. तीन पावलांवर ती इतकी फाकली की काचेला टेकायला आली. तो मागे सरला तशी ती मिटली. पुढे गेला तशी पुन्हा उघडली. कठड्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

ज्या बायकांनी सहा दिवस कबरीच्या गोष्टी सांगितल्या होत्या त्या हळूहळू जवळ आल्या. चटका लागायच्या कितीतरी आधी तो हवेत दिसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. इलाहीबक्षनं त्यांना सांगितलं की चामडं लोखंडी चाकावर घसरतं, त्यातून भार साचतो. पट्ट्याजवळचा कठडा तो उचलतो. कठडा लाकडावर उभा, लाकूड सुकं, म्हणून भाराला खाली उतरायला वाट नाही. तो तिथंच तुंबतो आणि तुमच्यापैकी कुणी हात लावला की तुमच्या अंगातून जमिनीत पळतो.

हरिबाला एक गोष्ट पटेना. एवढा जबर चटका बसतो म्हणजे भार ढीगभर असला पाहिजे, मग तो दिसत का नाही, जळत का नाही?

"ढीगभर न्हाय," इलाहीबक्ष म्हणाला. "चिमूटभर हाय. पण उंचावर हाय. तळ्यात पाणी किती, पण काठावर बसलं तर अंगावर येतं का? आणि तिसऱ्या मजल्यावरनं कुणी तांब्याभर ओतलं तर कळतं का न्हाय? पाणी किती ते येगळं आणि किती उंचावर ते येगळं."

मास्तर याला पोटेन्शियल म्हणत. इलाहीबक्षनं तो शब्द तिथं वापरला नाही. त्याला त्यासाठी उंची हाच शब्द पुरत होता.

मग हरिबानं एक जुनी लोखंडी साखळी आणली. तिचं एक टोक कठड्याला आवळलं आणि दुसरं फळ्यांखालून भिंतीजवळच्या पाण्याच्या नळाला. नळ जमिनीत गाडलेला होता. शिवाय इलाहीबक्षच्या सांगण्यावरून एका लाकडी पट्टीला टोकदार खिळ्यांची रांग ठोकली, ती पट्टी पट्ट्याला न शिवता त्याच्या जवळ उभी केली आणि खिळे तारेनं त्याच साखळीला जोडले. टोकांना भार उचलायची खोड असते, हे प्रयोगशाळेत पाहिलेलं होतं. इलाहीबक्ष बरणी घेऊन पुन्हा चालत गेला. या खेपेला पानं शेवटपर्यंत लोंबतच राहिली. अगदी कठड्याला टेकवली तरी.

एवढं होऊनही पुढं कुणी येईना. बरणीतला वरख गप्प राहिला म्हणून आपला हात गप्प राहीलच असं थोडंच आहे? नायकीण म्हणाली, आधी तुम्हीच लावा. इलाहीबक्षनं लावला. बायका म्हणाल्या, तुम्ही पुरुष आहात, जादूवाले आहात, तुमचं काय.

तेव्हा मागच्या रांगेतून इमामबी पुढे आली. वर्षानुवर्षं तिनं त्या बरणीला नावं ठेवली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"पक्कं?" तिनं विचारलं.

"पक्कं," तो म्हणाला.

तिनं पदर खोचला आणि दोन्ही पंजांनी कठडा घट्ट धरला. पाळण्याची दांडी धरावी तसा. धरून उभी राहिली, म्हणजे पुरेसा वेळ उभी राहिली. मग हात सोडून आपल्या साच्याकडे निघून गेली. पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी. नंतर मला इलाहीबक्ष म्हणाला की साखळी जोडताना त्याला काही वाटलं नव्हतं, पण तिनं हात पुढे केला तेव्हा त्यानं साखळीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. सगळं बरोबर आहे हे माहीत असूनही.

सोमवारी गिरणीच्या ऑफिसातून शाळेला पत्र आलं. आपला शिपाई विनापरवानगी खात्यात शिरला, कामगारांचा वेळ वाया घालवला आणि शाळेचं उपकरण वापरून गिरणीच्या यंत्रात फेरफार करवले. पुढं काय झालं किंवा चटका थांबला याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं.

आमचे हेडमास्तर संस्कृतचे. शिस्तीचे, आणि प्रयोगशाळेतल्या कुठल्याही वस्तूला जरा बिचकून राहणारे. त्यांनी इलाहीबक्षला बोलावलं, रेवणसिद्ध मास्तरांना बोलावलं, आणि मी दारात घुटमळत होतो म्हणून मलाही आत घेतलं. शाळेचं उपकरण बाहेर नेणं हा गुन्हा आहे हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मास्तर तावातावानं बोलायला लागले, तेही शुद्ध मराठीत, म्हणजे ते किती चिडले होते ते कळावं. इलाहीबक्षनं त्यांना हातानं थांबवलं आणि पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"हे शाळेचं न्हाय, साहेब," तो म्हणाला. "आमच्या घरच्या लोणच्याचं हाय."

हेडमास्तरांनी बरणीकडे पाहिलं. बुचाला अजून मोहरीचा पिवळा डाग होता. ते जरा नरमले असावेत, कारण त्यांनी विचारलं की यात होतं तरी काय. इलाहीबक्षनं अदबीनं त्यांचा काळा फाउंटन पेन मागितला. पेन एबोनाइटचा होता. हेडमास्तरांच्या अंगावर लोकरीचा कोट होता, तेव्हा पेन त्यांनीच बाहीवर चार वेळा घासावा असं त्यानं सुचवलं. त्यांनी घासला. बरणीजवळ धरला. वरखाची पानं अलगद फाकली.

हेडमास्तरांनी पेन दूर नेला, पानं मिटली. पुन्हा जवळ आणला. मग पुन्हा कोटावर घासला, या खेपेला जरा जोरात. आम्ही तिघं उभे होतो आणि ते आपल्याच पेनात रमले होते. शेवटी भानावर येऊन त्यांनी सांगितलं की गिरणीत परवानगीशिवाय जाणं चूक होतं, हे आपण मान्य केलंच पाहिजे. इलाहीबक्षनं मान्य केलं. मग त्यांनी स्वतः उत्तर लिहिलं. त्यात माफी होती. पण शेवटी एक ओळ होती की कठड्याची साखळी काढू नये, अशी शाळेची विनंती आहे. साखळी राहिली. मार्चमध्ये हरिबानं आणखी तीन पट्ट्यांजवळ तशीच व्यवस्था केल्याचं कानावर आलं, अर्थात ते ऑफिसनं सुचवलं म्हणून.

रत्नम्मा तीन आठवड्यांनी कामावर आली. बोटं बरी झाली होती, पण तिच्या मनातून गोष्ट गेली नव्हती. एका रविवारी ती इमामबीबरोबर शाळेतच आली, सोबत खात्यातल्या आणखी सात-आठ जणी. मास्तरांनी प्रयोगशाळा उघडली. विद्युतयंत्र फिरवलं, ठिणग्या उडवल्या, रव्याच्या ओळी दाखवल्या. बायकांनी तोंडावर पदर धरून बघितलं. रत्नम्मानं मात्र बघून झाल्यावर सरळ प्रश्न टाकला. पट्टा फिरतो म्हणून चटका येतो, हे कळलं. पण पट्टा फिरायच्या आधी तो चटका कुठं होता?

अकरा वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं रेवणसिद्ध मास्तरांना हे विचारलं नव्हतं. ते इंग्रजी शब्दांची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात इलाहीबक्ष बोलला.

"आधीपासनं हाय, अक्का. पट्ट्यात बी आणि चाकात बी. धन आणि ऋण जोडीनं सुखानं नांदतंय, म्हणून बाहेर कुणाला पत्ता न्हाय. घासलं की त्यांची फारकत होती. एक पट्ट्यावर बसतं, दुसरं चाकावर. नवीन काय तयार होत न्हाय. आणि ते काय करत्यात, तर परत एकमेकांकडं जायची वाट शोधत बसत्यात. तुमचा हात मधे सापडला."

रत्नम्मानं आपली दोन बोटं उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. तिला ते पटलं होतं. मास्तरांनी नंतर तेच वाक्य वर्गात वापरलं आणि कुणाचं ते नावानिशी सांगितलं.

पुढे पस्तिसाच्या पावसाळ्यात मास्तर विषमज्वरानं आजारी पडले आणि महिनाभर अक्कलकोटला होते. हेडमास्तरांनी सायन्सचा तास गणिताच्या शिक्षकाकडे दिला. त्यांनी दोन दिवस घेतला आणि हात टेकले. तिसऱ्या दिवशी वर्गावर कुणी शिक्षकच नव्हता, मुलं गोंगाट करत होती, आणि मला पाठवलं होतं त्यांना गप्प करायला. मी वर्गात पोचलो तर वर्ग गप्पच होता. वर्गात कुणी नव्हतं. सगळे बाहेर जिन्यावर उभे होते, एकेका पायरीवर एकेक मुलगा, आणि खाली इलाहीबक्ष, हातात पुसायचं फडकं.

तो त्यांना सांगत होता की तुम्ही किती उंच उभे आहात ते मोजत बसू नका. दोन पायऱ्यांत अंतर किती एवढंच बघा. पाणी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येतं. एकाच पायरीवर कुठंही जात नाही. एका मुलानं विचारलं की शहरात विजेच्या तारा आल्या आहेत, त्यांवर चिमणी बसते, ती मरत का नाही. इलाहीबक्षनं फडकं खांद्यावर टाकलं.

"तिचं दोन्ही पाय एकाच पायरीवर हायती," तो म्हणाला. "एक पाय तारेवर आणि एक जमिनीवर ठेवू दे, मग बघा. पर तेवढी लांब तंगडी तिला न्हाय."

मुलं हसली, आणि मी जिन्याच्या सावलीत उभा राहून पुढचा अर्धा तास ऐकत राहिलो. मुलांना गप्प करायला आलो होतो हे मला तास संपल्यावर आठवलं.

त्या आठवड्यात पाच तास त्यानं घेतले. प्रत्येक वर्गाच्या दैनंदिनीत तास कुणी घेतला ते लिहायची जागा असते. शनिवारी ती भरायचं काम माझ्याकडे होतं. मी पाचही ओळींत स्वच्छ अक्षरात लिहिलं: इलाहीबक्ष पिंजारी. हेडमास्तरांनी संध्याकाळी दैनंदिनी तपासली. त्या ओळींवर त्यांचा पेन थोडा वेळ थांबला. मग त्यांनी खाली सही केली आणि पान उलटलं.